वाचक विचारतात : गाडी नंतर, आधी पार्किंगची पाटी वाचा

या वेळी लक्झरी एसयूव्हीवरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. नावं छापत नाहीये, फक्त भाग लिहिलाय. कारण काही जणांनी खास लिहिलंय की घरी अजून सांगितलेलं नाही. (तुमचं तुम्ही बघून घ्या!)

प्रश्न : आम्ही पार्ले पूर्वला राहतो. इतकी वर्षं सेडान होती, आता ऑन रोड नव्वद लाखांपर्यंत बजेट आहे. मर्सिडीजची जीएलसी, बीएमडब्ल्यूची एक्स३, ऑडीची क्यू५ आणि व्होल्वोची एक्ससी६० अशी लिस्ट काढलीये, व्हिडिओ बघून बघून डोकं आऊट झालंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. सोमवार ते शुक्रवार ड्रायव्हर असतो, पार्ले ते बीकेसी. सुट्टीला मी चालवतो, अधूनमधून गुहागरला जाणं होतं. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटमधली, पार्किंग स्टॅकचं, म्हणजे गाड्या लिफ्टने एकावर एक चढवायचं. प्लीज गोल गोल उत्तर नको, एक नाव सांगा.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाव सांगतो, पण आधी खाली जाऊन स्टॅकच्या खांबावरची पाटी वाचून या. लांबी, रुंदी, उंची आणि वजन, चारही आकडे लिहिलेले असतात, नसतील तर सोसायटीच्या ऑफिसमध्ये लिफ्टवाल्या कंपनीचा कागद असतो, तो मागा. हे आधी सांगतोय कारण लोक हॉर्सपॉवरवर महिनाभर भांडतात आणि डिलिव्हरीच्या दिवशी, हार घातलेली गाडी पॅलेटवर चढेना म्हणून रस्त्यावर उभी राहते. तुमच्या लिस्टमधल्या गाड्यांची लांबी अशी : क्यू५ (जुनी पिढी) ४,६८२ मिमी, एक्ससी६० ४,७०८, जीएलसी ४,७१६, एक्स३ ४,७५५. म्हणजे लांबीत फार फरक नाही. रुंदी बघा पण, जीएलसी १,८९० आणि एक्स३ १,९२०, आणि हे आरसे सोडून! आरसे उघडे धरले तर चारही गाड्या दोन मीटरच्या पुढे जातात. वजन दोन टनांच्या आसपास, त्यात स्टॅकची मर्यादा दोन टनांचीच असली तर विषय तिथेच संपला, मग सेक्रेटरींशी कितीही चांगले संबंध असोत. आणि स्टॅकमध्ये दार पूर्ण उघडत नाही, म्हणजे आई गाडीत बसणार ती गेटवर किंवा रस्त्यावर, हे धरून चाला.

आता मुद्द्याचं. आठवड्याचे पाच दिवस तुम्ही मागच्या सीटवर असणार आणि सुट्टीला आई-बाबा मागे. म्हणजे ही गाडी मागे बसून निवडायची आहे, पण शोरूमवाले तुम्हाला स्टिअरिंगवरच बसवणार कारण स्क्रीन तिथे आहे. आईंना घेऊनच जा. साडी नेसत असतील तर साडीतच. दोन-तीनदा चढायला-उतरायला सांगा आणि त्यांचा पाय कुठे अडतो ते बघा. दाराखालचा पट्टा रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला नेमकं तेच जड जातं. सीट कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे ना चढायचं ना खाली बसायचं. मग मांडीखाली आधार किती मिळतो ते बघा, कारण हे कागदावरून कळत नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जीएलसीचा २,८८८ मिमी, एक्स३ आणि एक्ससी६०चा २,८६५, क्यू५चा २,८२० च्या आत, पण व्हीलबेस मोठा म्हणजे मागची सीट आरामाची असं काही नसतं. मागे मधोमध, पाय ठेवायच्या जागी बोगद्याचा उंचवटा या सगळ्याच गाड्यांत आहे, तेव्हा तिसऱ्या माणसाने गुहागरपर्यंत काय करायचं याचा विचार आधीच करून ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह त्यांच्या रूटवर घेऊ नका. त्यांचा रूट म्हणजे गुळगुळीत काँक्रीट आणि एक यू-टर्न. तुम्ही सांगा की हायवेवरून सर्व्हिस रोडला घ्या, पेव्हर ब्लॉकवरून घ्या, पार्ल्यातल्या एखाद्या अशा गल्लीत घ्या जिथे दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. आणि तुम्ही मागे बसा. वीस-तीसच्या स्पीडला खड्ड्यातून जाताना कमरेला काय होतं तेच तुमचं रोजचं आयुष्य असणार आहे, शंभरच्या स्पीडला गाडी किती स्थिर वाटते ते नंतर. एकोणीस-वीस इंची चाकं दिसतात छान, पण टायरची बाजू पातळ असते, पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेवर आपटला की फुगा येतो आणि तो टायर बदलावाच लागतो, पंक्चरवाला काही करू शकत नाही. म्हणून डिकी उघडून मॅट उचलून बघा, खाली स्टेपनी आहे का नुसता पंप आणि गोंदाची बाटली. चिपळूणच्या पुढे रात्री टायर फाटला तर बाटलीचा काही उपयोग नाही.

इंजिनवर मी वेळ घालवत नाही. जीएलसी ३०० ला २५८ हॉर्सपॉवर, एक्ससी६० ला २५०, क्यू५ त्याच्याच आसपास, एक्स३ २० या पेट्रोल मॉडेलला १९०. बीकेसीच्या सिग्नलला हे सगळे सारखेच उभे राहतात. १९० पण भरपूर झाले, कशेडीच्या चढाला सुद्धा.

सेफ्टीचं मात्र थोडं थांबून सांगतो. एक्ससी६० ला युरो एनकॅपमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्रॅश टेस्टमध्ये, २०१७ साली आणि सध्याच्या जीएलसीला २०२२ साली पाच स्टार मिळालेत. पण ते स्टार बेल्ट लावलेल्या माणसांसाठी असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, गाडी याच वर्गातली होती, आणि मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं तपासात पुढे आलं. दोघंही गेले. त्यानंतर नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. तरी आपल्याकडे मागे बसलं की बेल्ट सीटच्या फटीत खोचून ठेवतात. बाबांना आत्ताच सांगून ठेवा. आणि शोरूममध्ये बघा, मागच्या बेल्टचं बकल आईंच्या हाताला सहज लागतं का, कारण सापडत नसेल तर त्या लावणार नाहीत.

तर नाव. पाटीत बसत असेल तर तुमच्यासाठी एक्ससी६०. आपल्याकडे येणाऱ्या मॉडेलमध्ये एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारं) मिळतं आणि मागे बसणाऱ्या दोन वयस्कर माणसांसाठी मी त्यालाच मार्क देणार. खोट म्हणजे एसीसाठी सुद्धा स्क्रीनमध्ये बोट घालावं लागतं, ड्रायव्हर वैतागेल. आणि एअर सस्पेन्शन वॉरंटीनंतर बिघडलं तर खर्च मोठा, म्हणून एक्स्टेंडेड वॉरंटी गाडी घेतानाच घ्या, नंतर बघू म्हणू नका. आईंना जीएलसीत चढणं सोपं वाटलं तर जीएलसी घ्या, मी वाद घालणार नाही. एक्स३ स्वतः रोज चालवणाऱ्याची गाडी आहे, तुम्ही महिन्यातून चार-सहा दिवस चालवणार, त्यासाठी आईला कशाला त्रास. क्यू५ची नवी पिढी परदेशात २०२४ मध्येच दाखवली गेलीये, तेव्हा शोरूममध्ये जी उभी आहे ती जुनी का नवी हे स्पष्ट विचारा. जुनी असेल तर डिस्काउंट तगडा हवा, नाहीतर सोडून द्या.

प्रश्न : डिझेल का पेट्रोल? ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, ऑफिस ऐरोली. वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात. मित्र म्हणतात एवढी मोठी एसयूव्ही म्हणजे डिझेलच.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्रांचं जुनं गणित आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलला १३ टक्के रोड टॅक्स लागतो आणि डिझेलला १५. पंच्याहत्तर लाखांची गाडी धरली तर पहिल्याच दिवशी दीड लाख जास्त गेले. आता शहरात पेट्रोल दहाचं आणि डिझेल तेराचं अ‍ॅव्हरेज देईल असं धरू, पेट्रोल शंभरच्या थोडं वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास, तर बारा हजार किलोमीटरला वर्षाकाठी चाळीसेक हजार वाचतात. म्हणजे नुसता टॅक्स वसूल व्हायला साडेतीन-चार वर्षं, आणि त्यात डिझेल मॉडेल मुळात महाग असेल तर तो फरक धरलेलाच नाही.

शिवाय बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो आपोआप साफ व्हायला गाडी बराच वेळ एका लयीत पळावी लागते, आणि तुम्ही तर घोडबंदर ते ऐरोली रखडत जाणार. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तुम्ही वैतागून रविवारी सकाळी नाशिक हायवेला गाडी नुसती पळवून आणता. अ‍ॅडब्लू भरायचं वेगळं, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव. आणखी एक गोष्ट, जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या डिझेल-पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सांगितलं आणि सरकारने त्यासाठी समिती नेमली. उद्या लगेच बंदी येईल असं म्हणत नाही मी, पण सात-आठ वर्षांनी विकायला काढाल तेव्हा डिझेलला गिऱ्हाईक शोधावं लागेल असं मला वाटतं. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करत असता ना, तर तुम्हाला मी डिझेलच सांगितलं असतं. तुम्ही पेट्रोल घ्या.

प्रश्न : सीए म्हणतात गाडी कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो. खरंच वाचतो का?
— एक वाचक, दादर

उत्तर : सीएंना विचारा, त्यांनी आरटीओचा टॅक्स धरलाय का. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी असेल तर रोड टॅक्स सरळ २० टक्के. पंच्याहत्तर लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर पावणेदहा लाख होतात, कंपनीच्या नावावर पंधरा. सव्वापाच लाखांचा फरक! समोर फायदा काय, तर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे गाडीची घटलेली किंमत खर्चात दाखवता येते, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. आणि सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर जो ४० टक्के जीएसटी लागतो त्याचं क्रेडिट साध्या धंद्यात मिळत नाही, गाड्या विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे फायदा होतो, पण हळूहळू होतो, आणि तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याला तर शंकाच आहे.

तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर मजा आहे. गाडी तुमच्याच नावावर लागते, रोड टॅक्स वैयक्तिक दराने, आणि धंद्यासाठी जितकी वापरता तितका घसारा पण घेता येतो. १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलर बिलातच घेतो तो इन्कम टॅक्स, मात्र सगळ्यांनाच भरावा लागतो, तो रिटर्नमध्ये परत मागा, खूप लोक विसरतात.

आणि पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेल्या गाडीला वैयक्तिक नावावर सुद्धा २० टक्केच लागतात. जीएलसी चाकणला जुळवतात, एक्स३ चेन्नईला, क्यू५ संभाजीनगरला, एक्ससी६० बेंगळुरूजवळ, त्यामुळे या चारांना ती भीती नाही. बाकी कुठली बघत असाल तर बुकिंगच्या आधी ऑन रोडचा ब्रेकअप लेखी घ्या.

प्रश्न : तीन वर्षं जुनी जीएलसी निम्म्याच्या थोड्या वर भावात मिळतेय. घ्यावी का? मिस्टर नाही म्हणतात.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, मिस्टर नाही का म्हणतात ते लिहिलं नाहीत, पण घ्यायला हरकत नाही, तपासून घ्या एवढंच. पहिली भीती पाण्याची. हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, पावसाळ्यात कुठली गाडी कुठे बुडून वर आली ते सांगता येत नाही, पॉलिश करून ती नव्यासारखी दिसते. सगळ्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असली तर तिथूनच परत फिरा. मॅटखालचं कार्पेट हाताने दाबून बघा, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा. सर्व्हिस हिस्टरी चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधूनच काढा, विकणारा दाखवतो त्या फाईलवर जाऊ नका. इन्शुरन्सचा मोठा क्लेम झाला असेल तर तोही विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, चारही टायर एकाच काळातले हवेत. वॉरंटी शिल्लक आहे का आणि तुमच्या नावावर होते का हे लेखी घ्या, नसेल तर पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी चार-पाच लाख बाजूला ठेवूनच हो म्हणा. तेवढे बाजूला ठेवता येत नसतील तर मिस्टर बरोबर आहेत.

प्रश्न : पावसाळ्यात पाण्यात बंद पडली तर इन्शुरन्स मिळतो ना?
— एक वाचक, सायन

उत्तर : बंद पडली म्हणून नाही, बंद पडल्यावर पुन्हा स्टार्ट मारली म्हणून नाकारतात. पाणी इंजिनात शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे नुकसान तुम्ही केलंत. नेहमीच्या पॉलिसीत हे धरलेलं नसतं, झिरो डेपमध्ये (घसारा न कापता क्लेम देणाऱ्या पॉलिसीत) सुद्धा नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं आणि त्याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या, त्या वाचून घ्या. बंद पडली की बटणाला हात लावायचा नाही, उतरायचं, टोइंगला फोन करायचा. ड्रायव्हरलाही हे सांगा, कारण तुम्ही घरी असताना बटण तोच दाबणार.

प्रश्न : पॅनोरामिक सनरूफ हवंच असं मुलं म्हणतात.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : या किमतीत ते येतंच, वेगळे पैसे देऊ नका. मे महिन्यात दुपारी एक वाजता गाडी उन्हात उभी करा, पडदा बंद करून आत बसा आणि डोक्याला किती तापतं ते बघा. मागे एसीचे वेगळे व्हेंट आणि सीट व्हेंटिलेशन मिळतंय का ते त्याआधी विचारा. आणि मुलांना त्यातून डोकं बाहेर काढू देऊ नका, सी लिंकवर तर नाहीच नाही.