आधी त्या पानातून बाहेर पड

प्रिय मुली,

काल तू गेलीस आणि कुठल्याशा संस्थेच्या वेबसाइटवरच्या लेखाची तुझी प्रिंटआउट माझ्या टेबलावरच राहिली. अकरा पानं. जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळा हायलायटर, आणि समासात बारीक अक्षरात नोंदी: 'लेखक डॉक्टर', 'संदर्भ २३', 'गेल्या महिन्यात अपडेट', 'डॉट ऑर्ग, म्हणजे चालेल'. दीड तास त्या एका लेखावर घालवलास आणि शेवटी विचारलंस, "मॅडम, मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का?" मी चिडले ते तुला दिसलंच. पण तुझ्यावर नाही चिडले. समासातली ती प्रत्येक नोंद माझ्याच शिकवण्यातून आलेली आहे.

तारीख बघा, लेखकाची पदवी बघा, संदर्भ मोजा, शुद्धलेखन बघा, वेबपत्त्याचं शेपूट बघा. वर्षानुवर्षं मी फळ्यावर हेच लिहिलं. आणि तेही काही हवेतून आणलं नव्हतं. आम्ही ग्रंथालयात वाढलो. कपाटातलं पुस्तक हाती येण्याआधी संपादक, प्रकाशक, ग्रंथपाल अशा चाळण्यांतून गेलेलं असायचं. उरलेली पारख पुस्तक उलटून पालटून करता यायची. त्या जगात ती यादी चुकीची नव्हती, हे मी आजही ठामपणे म्हणेन. पण वेबपानाला चाळणी असेलच असं नाही, आणि माझी ती यादी पान बनवणाऱ्यालाही पाठ असते. डॉट ऑर्ग हे शेपूट पैसे भरून कोणीही घेतं. लोगो दुपारभरात तयार होतो. पान स्वतःबद्दल जे काही सांगतं ते सगळं त्याच्याच हातातलं. म्हणून आधी त्या पानातून बाहेर पड.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ४५ जणांना वेबपानं तपासताना पाहिलं: १० इतिहासकार, १० फॅक्ट चेकर, म्हणजे माहिती खरी की खोटी हे तपासणं हाच ज्यांचा व्यवसाय, आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांचे लेख त्यांच्यापुढे ठेवले होते. एक 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स', १९३० पासूनची, हजारो सभासदांची. दुसरी 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स', समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या प्रश्नावर २००२ मध्ये फुटून निघालेला छोटासा गट. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना दुसरी जास्त विश्वासार्ह वाटली. इतिहासकारांपैकीही बरेच अडखळले, आणि ती माणसं जन्मभर कागदपत्रं तपासणारी! फॅक्ट चेकर मात्र लेखात रमलेच नाहीत. थोडं पाहिलं, नवा टॅब उघडला, संस्थेचं नाव टाकलं आणि बाकीचं जग तिच्याबद्दल काय म्हणतं ते वाचलं. मग परत आले. हुशारीत विद्यार्थी कमी नव्हते गं. ते आत राहिले, एवढंच.

तुझा दीड तासही आतच गेला.

आणि 'कशावरच विश्वास नाही' हे पुन्हा म्हणू नकोस. सगळंच खोटं धरून बसलेल्याला काहीच तपासावं लागत नाही. तुझ्याकडून मला ते ऐकायचं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी वर्गात कधी सांगितली नाही. दरवर्षी पहिल्या तासाला मी पालकाच्या भाजीचा किस्सा सांगायचे: कोणा शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकलं, पालकातलं लोह दहापट छापलं गेलं आणि जग फसलं. एकदा मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे, आणि पुढे गेले. तो खाली बसला. नंतर वर्षभरात त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पुढे ओले ब्यर्न रेकडाल या नॉर्वेच्या संशोधकाचा २०१४ चा लेख माझ्या हाती आला. दशांश चिन्हाची ती गोष्टच निराधार. टेरेन्स हॅम्ब्लिन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती संदर्भ न देता लिहिली आणि मग एकाचं वाचून दुसरा लिहीत गेला. भोळेपणाविरुद्धचं माझं लाडकं उदाहरण मी स्वतः न तपासता वापरत होते. मी ते तीन ठिकाणी वाचलं होतं, पण तीन तोंडांतून आवाज एकाचाच येत होता. त्या मुलाला मी उत्तर द्यायला हवं होतं. आता तो कुठे असतो, मला ठाऊक नाही.

म्हणून बाहेर पडलीस की हेही बघ: जे चार जण तेच सांगताहेत, ते एकमेकांचं वाचून सांगताहेत का? मूळ अहवाल सापडेपर्यंत मागे जा. शोधताना पहिल्याच दुव्यावर बोट ठेवायची घाई नको. सगळ्यात वर आलं म्हणजे खरं, असं काही नसतं. आधी पूर्ण यादी नजरेखालून घाल, कोण कोण बोलतंय ते बघ. शोधपट्टीत संस्थेचं नाव लिहून एक जागा सोड, मग वजा चिन्ह, लगेच इंग्रजीत साइट हा शब्द, एकाखाली एक दोन टिंबं (:) आणि तिचा वेबपत्ता, वजापासून पुढे कुठेही जागा न सोडता, असं टाकलंस की तिची स्वतःची पानं गळतात आणि दुसऱ्यांची उरतात. दोन मिनिटांचं काम आहे. कंटाळा आला तरी कर. घाई असेल तेव्हा तर करच, आणि लेख तुझ्या मनासारखा असेल तेव्हा सगळ्यात आधी कर, कारण तेव्हाच बाहेर पडावंसं वाटत नाही. मला तरी कधी वाटलं नाही.

प्रिंटआउट न्यायला गुरुवारी ये. त्या संस्थेचं नाव मी अजून शोधलेलं नाही, मुद्दामच. तू शोधून ये. तेवीसपैकी किती संदर्भ तिच्या स्वतःच्याच प्रकाशनांचे आहेत तेही मोजून आण. हायलायटर घरी ठेव.

तुझी,
मॅडम