उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये रोल बारशिवाय (गाडी उलटल्यास डोके वाचवणारी, सीटमागची मजबूत नळ्यांची कमान) नुसता हार्नेस (दोन्ही खांदे व कंबर जखडणारे रेसिंगचे पट्टे) बसवला तर चालेल का?

नाही, रोल बार नसताना केवळ हार्नेस बसवणे मूळच्या तीन-बिंदू पट्ट्यापेक्षाही (नेहमीच्या सीट बेल्टपेक्षाही) धोकादायक ठरू शकते, कारण गाडी उलटल्यास हार्नेस धड ताठ जखडून ठेवतो आणि गाडीचा भार थेट डोक्यावर व मानेवर येतो. रोल बार डोक्यापेक्षा उंच असावा आणि नुसत्या पत्र्यावर नव्हे, तर चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मजबूत भागावर कसलेला असावा. खांद्यांचे पट्टे त्याच्या आडव्या नळीला बांधून मागे जवळजवळ आडवे न्यावेत; ते सीटमागे थेट खाली जमिनीला बांधले (ही चूक सर्रास होते), तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो. मात्र रस्त्यावर हेल्मेटविना गाडी चालवायची असेल, तर डोक्याजवळच्या नळीला घट्ट फोमचे आवरण द्यावे आणि मूळचा पट्टा काढू नये.