मॉरिशस समृद्ध झाला, तरी तिथे विषमता का टिकून आहे?

मॉरिशसची प्रगती खरी आहे. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा जवळजवळ सारी निर्यात साखरेची होती; १९७० मध्ये निर्यातीसाठी सवलतींचा कायदा झाल्यावर कापडाचे कारखाने आले, हजारो स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचा पगार पडला आणि मोफत शिक्षण व वृद्धांच्या निवृत्तिवेतनामुळे त्या समृद्धीचा वाटा सामान्य घरांपर्यंत पोहोचला.

माझ्या मते मूळ दुखणे जमिनीचे आहे. मराठी मजुरांसह भारतातून गेलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांनी, वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग उसाच्या शेतांत आजही उभे आहेत, पण मोठे मळे बहुतांशी फ्रेंच वंशाच्या जुन्या घराण्यांकडेच राहिले, आणि या शतकाच्या आरंभी परदेशी ग्राहकांना आलिशान बंगले विकण्याची मुभा मिळाल्यावर त्याच जमिनीतून नवी संपत्ती उभी राहिली.

दुसरीकडे, २००५ च्या सुमारास कापडाची कोटा पद्धत, म्हणजे श्रीमंत देशांनी कोणत्या देशाकडून किती कापड घ्यायचे हे ठरवून देण्याची व्यवस्था, संपली आणि मॉरिशसच्या कारखान्यांना स्वस्त स्पर्धकांना तोंड द्यावे लागले. पुढे वाढलेल्या वित्तसेवांना उच्चशिक्षित माणसे हवी होती, शिवणयंत्रावर बसणारी बाई नव्हे. गुलामांचे वंशज असलेला क्रिओल समाज तर शिक्षणात आधीच मागे ठेवला गेला होता. २०१८ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले, त्याने तळच्या कामगारांना निश्चित आधार दिला. जमिनीच्या मालकीला मात्र त्याने हात लावलेला नाही.