हेडफोन, बॅग आणि मधला वेळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कामासाठी सतत फिरावं लागतं आणि त्या फिरण्यात मी काय ऐकते, काय बघते, काय वाचते. त्यावर बरेच प्रश्न आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, ज्यावर मला खरंच काही सांगायचंय ते घेतलेत.

ताई, मी पण सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर हेडफोन कानात असतो, गाणी लावल्याशिवाय कोड सुचत नाही. पण हल्ली गाणं ऐकायची मजाच गेलीय असं वाटतं. तुम्ही काम करताना काय ऐकता?

डोकं लावायचं काम असेल तर काहीच नाही. दुसऱ्याचं कोड वाचताना किंवा मेल लिहिताना मनात शब्दच चालू असतात, गाण्यात पण शब्द, मग दोघांची एकाच जागेवरून ओढाताण होते आणि दोन्ही अर्धवट होतं. हाताच्या सवयीचं काम असलं, म्हणजे जुन्या फाइल्स आवरणं किंवा त्याच त्याच टेस्ट पुन्हा चालवणं, तर खुशाल लावते.

तुमची मजा का गेली ते मला माझ्या अनुभवावरून कळतंय. दोनेक वर्षांपूर्वी एक बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधत बसले होते आणि कानात मारवा राग, तासाभराचं रेकॉर्डिंग. बग सापडला, मान वर केली तर गाणं कधीच संपलेलं. आता मारवा म्हणजे काय, तर त्यात गाणारा षड्जावर, म्हणजे सा वर, यायचंच टाळतो, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहतो, पंचम तर नाहीच, आणि आपला जीव टांगणीला लागलेला असतो की आता तरी सा लागेल, आणि तो लागतो तेव्हा जे होतं त्यासाठीच ऐकायचं असतं सगळं. मी तो सा ऐकलाच नव्हता, एकदाही नाही. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, खरं सांगते. त्यानंतर कामासोबत राग लावणं बंद केलं.

वेळ नाही म्हणाल तर जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवरची गाणी ऐका. एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये रेकॉर्डिंग केलं तेव्हा रागाचा सगळा जीव त्या तीन मिनिटांत बसवला आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. दोन मीटिंगच्या मधे तीन मिनिटं सगळ्यांना मिळतात. फक्त त्या तीन मिनिटांत स्क्रीनकडे बघायचं नाही, एवढं एकच करा आणि पंधरा दिवसांनी मला कळवा.

हाय-रेझोल्यूशन ऑडिओचं सबस्क्रिप्शन घ्यावं का? आणि नॉइज कॅन्सलिंग हेडफोनवर एवढे पैसे घालणं बरोबर आहे का?

पहिल्याचं, म्हणजे सीडीपेक्षाही जास्त तपशील साठवणाऱ्या ऑडिओचं उत्तर, बहुतेकांना गरज नाही. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत, ऐकू येतं, वय वाढतं तसं त्याहून कमीच. जेवढी फ्रीक्वेन्सी पकडायचीय त्याच्या दुपटीहून जास्त वेळा सेकंदाला आवाजाचे नमुने घ्यावे लागतात, म्हणून सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ हा आकडा ठरला, म्हणजे साधी सीडीच आपल्या कानाच्या पुढे आहे. एमपीथ्रीची गोष्ट वेगळी, ती खरोखर काहीतरी काढून टाकते, मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक आवाज आपल्याला तसेही ऐकू येत नाहीत ते. फाइल फारच दाबली की ते जाणवतं, तंबोऱ्याच्या झणकारात तर लगेच जाणवतं. घरच्या कोणाला तरी दोन्ही फाइल्स न सांगता उलटसुलट लावायला सांगा आणि ओळखता येतात का बघा. येत असतील तर घ्या, नाहीतर तेच पैसे चांगल्या हेडफोनला लावा.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल मात्र मी अगदी आग्रहाने सांगेन, फिरत असाल तर घ्याच. आतला माईक बाहेरचा आवाज पकडतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो, दोन्ही एकमेकांना खातात. एकसारख्या, खालच्या आवाजावर हे भारी चालतं, विमानाच्या इंजिनाची घरघर म्हणजे त्याचं हक्काचं काम, माणसांच्या बोलण्यावर तेवढं नाही. लोक याला चैन समजतात पण हे कानासाठी आहे. विमानात आतला आवाज ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास असतो, साधे इयरफोन असले की त्यावर मात करायला आपण व्हॉल्यूम चढवत नेतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायोश या सरकारी संस्थेने कामाच्या ठिकाणासाठी ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगितलीय, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही. माझ्या ओळखीत चाळिशीच्या आत कानात सतत शिट्टी वाजणारे दोन जण आहेत, दोघंही आमच्याच फील्डमधले.

मी सिनेमे दीडपट स्पीडने बघतो, नाहीतर संपतच नाहीत. चूक आहे का?

चूक-बरोबर काय, तुमचा वेळ आहे. पण मला विचाराल तर नका बघू तसे. ट्रेनिंगचे व्हिडिओ मी पण दीडपटीने बघते, तिथे माहिती हवी असते. सिनेमात कोणी उत्तर द्यायच्या आधी चार सेकंद गप्प बसतं ना, ते चार सेकंद एडिटरने मोजून ठेवलेले असतात. तुम्ही त्याचे पावणेतीन करता आणि मग म्हणता की सिनेमा मनाला लागला नाही. संपवायचे कशाला एवढे सिनेमे? महिन्यात एक बघा.

यावरून आठवलं, हॉटेलच्या टीव्हीवर सिनेमा बघताना काहीतरी खोटं खोटं वाटतं, जणू मालिका चालू आहे, असं दोघातिघांनी लिहिलंय. ते मोशन स्मूदिंगमुळे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. मूकपटांच्या काळी हाताने हँडल फिरवून शूट करायचे त्यामुळे वेग कमीजास्त चालायचा, पण फिल्मवर आवाज आला आणि वेग हलला की आवाज बिघडायला लागला, म्हणून १९२० च्या दशकाच्या शेवटी २४ वर सगळे स्थिरावले. आपल्या डोळ्याला सिनेमाची जी ओळख आहे ती या २४ ची. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो आणि सगळं गुळगुळीत करून टाकतो. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नवीन टीव्ही असेल तर फिल्ममेकर मोड असतो तो लावा. मी रूमवर गेले की बॅग उघडायच्या आधी हे करते.

तुम्ही टेक्निकल पुस्तकं जास्त वाचता की कथा-कादंबऱ्या? आणि ई-रीडर की कागद?

टेक्निकल आता फार कमी, ती दोन वर्षांत शिळी होतात. एक मात्र दर दोन-तीन वर्षांनी परत काढते, फ्रेड ब्रूक्स यांचं १९७५ चं ‘द मिथिकल मॅन-मंथ’. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली की तो आणखी उशिरा होतो हे त्यांनी आयबीएम कंपनीत ओएस/३६० या मोठ्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामावर स्वतः भोगून लिहिलं. ५ जणांच्या टीममध्ये आपसात बोलायच्या जोड्या १०, आणि १० जणांच्या टीममध्ये ४५. हा हिशोब मी कितीतरी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडलाय आणि तरी दर वेळी माणसं वाढवलीच जातात, याचा त्रास होतो मला.

बाकी सगळं वाचन कादंबऱ्या आणि कविता. ई-रीडर प्रवासात, ई-इंकचा स्क्रीन फक्त पान बदलतानाच करंट खातो म्हणून चार्जिंगची आठवणच येत नाही, आणि उन्हात पण नीट दिसतो. कविता मात्र कागदावरच. ओळ कुठे तुटते हे कवीने ठरवलेलं असतं, फॉन्ट मोठा केला की ती भलतीकडेच तुटते.

पॉवर बँक केवढी चालते विमानात?

१०० वॉट-अवरपर्यंत चालते, आणि ती हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या सामानात नाही. पॉवर बँकवर एमएएचचा आकडा लिहिलेला असतो, त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागायचं, म्हणजे २०००० एमएएचची ७४ वॉट-अवर झाली. विमानात वापरण्याचे नियम एअरलाइननुसार वेगळे, ते बघून घ्या.

मला पहिल्यांदाच परदेशात गो-लाइव्हसाठी, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष चालू करायला, पाठवतायत, तीन आठवडे, एकटीच आहे. कामाची भीती नाही वाटत पण संध्याकाळी रूमवर काय करणार याची वाटते. काही सांगाल?

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले, कारण माझ्या पहिल्या ट्रिपला मी रोज रात्री लॅपटॉप उघडून कामच करत बसायचे, रूममध्ये दुसरं काही आहे असं वाटायचंच नाही.

आधी झोपेचं बघा. शरीर दिवसाला साधारण एकेका तासाने जुळवून घेतं, त्यामुळे पाच-सहा तासांचा फरक असेल तर पहिल्या दोन दिवसांत कुठलंही मोठं मायग्रेशन, म्हणजे जुन्या सिस्टिममधलं सगळं नव्यात हलवणं, ठेवू देऊ नका, आधीच मेलवर लिहून मागा. पूर्वेकडे जात असाल तर जास्तच जड जातं, कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं नाही जमत.

आणि संध्याकाळसाठी असं करा, जाण्याआधीच एक कादंबरी ठरवा, जाड, घरी कधीच पूर्ण होणार नाही अशी. दहा नको, एकच. आणि एक राग ठरवा. तोच वेगवेगळ्या गायकांचा, रोज एक रेकॉर्डिंग, दिवा बारीक करून, फोन दुसऱ्या टोकाला ठेवून. मी एका ट्रिपला फक्त यमन ऐकला, एकोणीस दिवस. पहिले चार-पाच दिवस कंटाळा आला, मग एका रात्री एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तीव्र मध्यम असा लागला की मी उठून बसले, आणि तेवढंच परत परत ऐकत राहिले, सकाळी सहाला कॉल होता तरी.

तुमची ट्रिप झाली की कुठला राग घेतला होता ते लिहा मला.