गिरगावातील जुनी इमारत आणि २५ लाखांचे हेवी डिपॉझिट

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमच्या पत्राचा सारांश आधी देतो. तुम्ही आणि तुमचे पती रोज डोंबिवलीहून फोर्टला ये-जा करता आणि त्यात तुमचे साडेतीन तास जातात. म्हणून ठाकुरद्वारजवळच्या १९३८ सालच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक दोन वर्षांसाठी भाड्याने घ्यावा, असा तुमचा विचार आहे. घर देणाऱ्या गृहस्थांनी दोन पर्याय ठेवले आहेत. एकात ३ लाख रुपये अनामत आणि दरमहा ३८,००० रुपये भाडे आहे, तर दुसऱ्यात २५ लाख रुपये अनामत, म्हणजे मुंबईत ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतात ते, आणि दरमहा केवळ १५,००० रुपये भाडे आहे. पुढे स्वतःचे घर घेण्यासाठी साठवलेले २५ लाख रुपये तुमच्या नावे एका सहकारी बँकेत ७ टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत आहेत, तुमचा वार्षिक पगार १८ लाख आहे आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली आहे. घराचा कागद म्हणून तुम्हाला त्या गृहस्थांच्या वडिलांच्या नावाची भाडेपावती दाखवण्यात आली. इमारत जुनी आहे म्हणून नाही म्हणावे का, आणि घ्यायचे ठरल्यास कोणता पर्याय निवडावा, असे तुम्ही विचारले आहे.

दुसरा पर्याय आकर्षक का वाटतो, हे आधी आकड्यांनी पाहू. त्यात भाडे दरमहा २३,००० रुपयांनी, म्हणजे वर्षाला २,७६,००० रुपयांनी कमी होते, आणि त्यासाठी २२ लाख रुपये जास्तीचे द्यावे लागतात. हे २२ लाख बँकेत राहिले तर वर्षाला १,५४,००० रुपये व्याज मिळेल. तुमचे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात येत असल्याने आरोग्य व शिक्षण उपकरासह २०.८ टक्के कर जाऊन हाती सुमारे १,२२,००० रुपये उरतील. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नसल्यामुळे भाडे कमी झाल्याने करात काही गमवावे लागत नाही. म्हणजे हेवी डिपॉझिटमध्ये तुमचा वर्षाला निव्वळ १,५४,००० रुपयांचा फायदा दिसतो. ही रक्कम लहान नाही आणि तुम्हाला मोह झाला यात काही चूक नाही.

मात्र हा फायदा कशाचा मोबदला आहे, हे समजून घेतले पाहिजे. तुम्ही त्या गृहस्थांना २५ लाख रुपयांचे विनातारण कर्ज देत आहात, आणि भाड्यातली सवलत हे त्या कर्जाचे व्याज आहे. २२ लाखांवर २,७६,००० म्हणजे साडेबारा टक्के होतात. बँकेपेक्षा इतका जास्त दर कोणी देत असेल, तर त्याला बँकेकडून कर्ज का घेता आले नाही, हा प्रश्न शांतपणे विचारायला हवा. उलट बाजूने पाहिले तर ते जास्तीचे २२ लाख एकदा बुडाले की सव्वाचौदा वर्षांची बचत गेली, आणि तुम्ही तिथे राहणार आहात दोनच वर्षे.

जुन्या इमारतीत ही जोखीम आणखी वाढते, कारण घर देणारा बहुधा तुमचे पैसे बाजूला ठेवत नाही. तो ते मुलाच्या शिक्षणात, धंद्यात किंवा जुने देणे फेडण्यात घालतो आणि मुदत संपल्यावर पुढच्या भाडेकरूचे डिपॉझिट घेऊन तुमचे परत करतो. सल्लागार म्हणून मी पाहिलेल्या अशा व्यवहारांत परतफेडीचा स्रोत बहुतेक वेळा हाच असतो. इमारतीला महापालिकेची किंवा म्हाडाची धोकादायक ठरवणारी नोटीस लागली, तर पुढचा भाडेकरू येणारच नाही, आणि नेमके त्याच दिवशी तुम्हालाही घर सोडावे लागेल. ‘पैसे मिळेपर्यंत ताबा सोडायचा नाही’ हा लोकांचा नेहमीचा उपाय तिथे निरुपयोगी ठरतो, कारण रिकाम्या करायला लावलेल्या इमारतीचा ताबा म्हणजे कोणतेही तारण नव्हे. एरवीही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

आता त्या भाडेपावतीबद्दल. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. भाडेपावती ज्याच्या नावावर असते तो भाडेकरू असतो, मालक नसतो. गिरगावात पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, जागा भरपूर आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कुटुंब स्वतःला मालक म्हणत असले तरी कायद्याने इमारतीचा मालक वेगळा असतो. याच अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे मूळ करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याने, देता येत नाही, आणि तशी दिल्यास कलम १६ खाली मूळ मालक त्याच्याविरुद्ध जागा खाली करून घेण्याचा दावा लावू शकतो. त्या दाव्यात तुमच्या २५ लाखांचे उत्तर देणारे कोणी नसेल. वडील हयात नसतील, तर पावती अजून त्यांच्याच नावावर का आहे आणि इतर वारसांचे म्हणणे काय आहे, हेही विचारावे लागेल. म्हणून पहिला पर्याय घेतानाही इमारतीच्या मालकाची लेखी संमती मागा. इमारतीचा मालक कोण आहे, हे मालमत्ता पत्रकावरून (प्रॉपर्टी कार्ड) कळेल. संमती मिळत नसेल, तर ३ लाखांसाठीसुद्धा मी हे घर घ्या असे म्हणणार नाही.

इमारतीच्या वयाची तेवढी भीती बाळगू नका. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची म्हणून ही इमारत ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त इमारत असणार, म्हणजे भाडेकरू दुरुस्ती उपकर भरतात आणि संरचनात्मक दुरुस्तीचे काम म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पाहते. हे मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. मागच्या काही वर्षांच्या याद्या पाहा, मंडळाच्या विभागीय कार्यालयात जाऊन शेवटची दुरुस्ती कधी झाली ते विचारा आणि पुनर्विकासाची नोटीस निघाली आहे का, याचीही चौकशी करा. पुनर्विकास सुरू झाला तर संक्रमण काळातले भाडे आणि नवे घर मूळ भाडेकरूला मिळते. लायसन्सवर राहणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, फक्त सामान बांधावे लागते.

प्रत्यक्ष पाहणीला पती-पत्नी दोघांनीही जा, शक्यतो मोठा पाऊस पडून गेल्यावर, आणि ब्लॉकइतकाच वेळ जिना, मागची बाजू व तळमजला पाहण्यात घालवा. या काळातल्या इमारतींत बहुधा सागवानी खांब-तुळया आणि विटांच्या भिंती असतात. लाकूड कोरडे राहिले तर शतकभर टिकते, पण न्हाणीघर आणि शौचालयाच्या बाजूला गळती असेल तर तुळईचे भिंतीतले टोक आतून कुजते आणि वरून ते दिसत नाही. जमीन एका बाजूला उतरली आहे का, दाराच्या चौकटी तिरप्या झाल्या आहेत का, जिन्याखाली किंवा गॅलरीत लोखंडी टेकू लावले आहेत का, हे बघा. टेकू दिसले तर ते किती वर्षांपासून आहेत, हे शेजाऱ्यांना विचारा, कारण तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षे तसेच राहतात. एखाद्याच भिंतीला ताजा रंग दिला असेल, तर तिच्यामागे ओल आहे असे धरूनच चौकशी करा. तळमजल्यावरच्या दुकानांत भिंत किंवा खांब काढून जागा मोठी केली आहे का, हे मात्र अजिबात चुकवू नका. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई सिद्धी इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडेच बोट दाखवले गेले होते, आणि ती इमारत तुमच्या इमारतीइतकी जुनीही नव्हती.

महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी अपेक्षित असते. तो अहवाल मागा. तो मिळाला नाही तर स्वतःच्या खर्चाने एखाद्या संरचना अभियंत्याला तासभर नेऊन आणा. दोन वर्षांत तुम्ही ९ लाखांहून अधिक भाडे देणार आहात, त्यापुढे ही फी किरकोळ आहे.

हे सगळे समाधानकारक निघाले तर ३ लाख अनामत आणि ३८,००० भाड्याचा पर्याय घ्या. करार नोंदणीकृतच हवा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे आणि मुद्रांक शुल्कही मोठे नाही. दोन वर्षांचे भाडे ९,१२,०००, अधिक अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले व्याज ६०,०००, अशा ९,७२,००० रुपयांवर पाव टक्का, म्हणजे २,४३० रुपये, आणि नोंदणी फी १,००० रुपये. अनामत बँकेतूनच द्या, आणि करारात एक कलम आवर्जून घाला: इमारत धोकादायक ठरली किंवा रिकामी करण्याची नोटीस आली, तर करार त्याच दिवशी संपेल, पुढचे भाडे लागू होणार नाही आणि अनामत ठरावीक दिवसांत परत होईल. त्या गृहस्थांनी या कलमाला नकार दिला तर त्यांना इमारतीबद्दल काहीतरी माहीत आहे असे समजा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तुमचे २५ लाख एकाच सहकारी बँकेत आहेत, आणि ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच असते. ३ लाख अनामतीसाठी ठेव मोडावी लागणारच आहे, तर उरलेले २२ लाख त्याच वेळी तुमच्या आणि पतीच्या नावे वेगवेगळ्या बँकांत विभागून ठेवा. मात्र सध्याची ठेव कधी पिकते ते आधी पाहा. दोन-तीन महिन्यांतच पिकणार असेल, तर अनामतीचे ३ लाख तेवढ्यापुरते ठेवीवरच्या कर्जातून उभे करणे, मुदतीआधी ठेव मोडल्याने होणाऱ्या व्याजकपातीपेक्षा स्वस्त पडेल.