‘मग ती पाटी काढायची का?’

दारातून आत येतानाच ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या जिन्याची शेवटची पायरी चुकलीय. बाकीच्या सहा इंची आहेत, ही पावणेआठ तरी असेल. वरच्या पॅसेजला टाइल्स नंतर बसवल्या का?”

बसवल्या होत्या. कोथरूडमधलं माझं करिअर समुपदेशनाचं ऑफिस जुन्या इमारतीत आहे, लिफ्ट नाही. त्या पायरीला ठेचकाळणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि जाणाऱ्या प्रत्येकाला “सांभाळून हं” म्हणायची सवयच लागली आहे. पायरी चुकली आहे, हे मात्र तोवर कुणी सांगितलं नव्हतं. दुरुस्त कशी करायची, तर तेही तिनं लगेच सांगितलं: एकटी पायरी दुरुस्त होत नाही, वाढलेली उंची खालच्या सगळ्या पायऱ्यांत वाटून द्यावी लागते.

मग पाणी प्यायली, बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाली, “मला आर्किटेक्चर सोडायचंय. आयटीत जायचंय. हा वेडेपणा आहे का, तेवढं सांगा.”

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बऱ्याचदा येतो. विचारणारे साधारण 27 ते 33 वयाचे, चार-सहा वर्षं ऑफिसांत राबलेले. बहुतेकांच्या मनात त्यामागे दुसरा प्रश्न असतो: बी.आर्क.ची पाच वर्षं वाया गेली म्हणायची का? म्हणून ही हकीकत लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 29. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावची. पुण्यात शिकली आणि सहा वर्षं एकाच ऑफिसात. पगार 42 हजार. रविवारी स्लॅब असला की साईटवर, सबमिशन असलं की रात्री ऑफिसात. “कॉलेजात नाईट मारायचो तेव्हा मजा यायची. आता नुसती पाठ दुखते.” शाळेतली मैत्रीण हिंजवडीत, तिनं फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटचं इंटिरिअर हिनंच करून दिलं, फुकट. हे सांगताना हसली, पण डोळे हसत नव्हते.

सुरुवातीलाच तिनं बजावलं, “मला अगं-तुगं करा, नाहीतर साईटवरच्या कॉन्ट्रॅक्टरशी बोलतेय असं वाटतं.” म्हणून मी आपलेपणानं म्हणाले, “अगं, शिकलेलं काही वाया जात नाही.”

ती चिडली. “सगळे हेच म्हणतात. मला यूडीसीपीआरमधले साइड मार्जिनचे तक्ते तोंडपाठ आहेत. आयटीत त्यांचं लोणचं घालू?” (यूडीसीपीआर म्हणजे राज्याची विकास नियमावली, साइड मार्जिन म्हणजे इमारतीच्या बाजूंना सोडायची मोकळी जागा.)

चूक माझी होती. हे वाक्य आपण समोरच्याला धीर द्यायला म्हणतो, आणि बहुतेकदा विषय संपवायलाही. काही गोष्टी वाया जातातच. त्या मोजल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही, असं माझं आता मत झालं आहे.

बुडीत खर्चाचा एक जुना प्रयोग मी पूर्वी सगळ्यांना सांगायची. आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी तो 1985 साली प्रसिद्ध केला. ओहायोच्या विद्यापीठात नाटकांच्या हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीला तिकीट मिळालं, काहींना न मागता सवलत मिळाली. नाटकं तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. तात्पर्य, गेलेल्या पैशाकडे बघून पुढचं ठरवू नये. गोष्ट खरी आहे. पण तिला सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “माझं तिकीट बाबांनी काढलं होतं. पीएफमधून.”

त्यानंतर हा प्रयोग मी जरा जपूनच सांगते.

तर आम्ही कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे ‘गेलं’, दुसरीकडे ‘राहिलं’. ‘गेलं’मध्ये तिनं भराभर लिहिलं: विकास नियमावलीतली कलमं, महापालिकेत कुठली फाईल कुठल्या टेबलावर अडते याचं ज्ञान, सेंटरिंगवाले-प्लंबर-फॅब्रिकेटर यांचे नंबर, सहा वर्षांची ज्येष्ठता, आणि स्वतःचं ऑफिस काढायचं स्वप्न. शेवटचं लिहिताना पेन थांबलं. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. स्वतःहून सोडलेल्या गोष्टीचंही सुतक असतं, आणि ते पाळायला लाज वाटते, कारण सोडणारे आपणच.

‘राहिलं’चा रकाना पुढच्या भेटीत घेतला, पण तो मी लगेच भरू दिला नाही. म्हणजे, गुणांची यादी करू दिली नाही. ‘सर्जनशीलता’, ‘टीमवर्क’ असले शब्द कुठल्याही बायोडेटात सापडतात. त्याऐवजी दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. आनंद झाला की दुःख, ते लिहायचं नाही. फक्त कुठलं काम करताना घड्याळ बघितलं आणि कुठलं करताना बघायचं राहून गेलं, एवढंच.

वहीत घड्याळ बघितल्याच्या नोंदी अपेक्षेप्रमाणेच होत्या: क्लायंटनं चौथ्यांदा बदललेलं किचन, त्यापायी पुन्हा काढलेली वर्किंग ड्रॉइंग्ज, आरसीसी कन्सल्टंटच्या फोनची वाट. घड्याळ विसरल्याच्या नोंदी दोनच प्रकारच्या होत्या.

पहिला प्रकार असा. 14 मजली इमारतीचा दार-खिडक्यांचा तक्ता. प्लॅनमध्ये काही हललं की तो पुन्हा तपासायचा: कुठल्या मजल्यावर कुठल्या मापाच्या किती खिडक्या, ग्रिल किती, उंबरे किती. एका दिवाळीच्या सुट्टीत ती रेव्हिट या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं, कामं आपोआप करून घ्यायचं डायनामो शिकली, मग त्यासाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. दीड दिवसाचं काम चहा होईपर्यंत व्हायला लागलं. ऑफिसात दाखवलं, तर सर म्हणाले, “छान. बाथरूमची डिटेल्स कधी देतेस?”

दुसरा प्रकार वाचून आम्ही दोघीही गप्प झालो. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशीचं स्टील चेकिंग. उन्हात, हेल्मेट घालून, सळ्यांवरून तोल सांभाळत चालायचं, बारमधलं अंतर टेपनं मोजायचं, कव्हर ब्लॉक खाली आहेत ना ते वाकून बघायचं. शनिवारची सकाळ, 4 तास, आणि घड्याळाची आठवण नाही.

म्हणजे इमारतींचा कंटाळा आलेला नव्हता. मग कशाचा आला होता? कामाचा, त्या ऑफिसाचा की सरांचा? इथे मी जरा कडक होते. एका साहेबाला कंटाळून पेशा सोडणारी माणसं मी बघितली आहेत. नव्या पेशातही साहेब असतोच. म्हणून तिला म्हटलं, आधी आर्किटेक्टच्याच दुसऱ्या दोन ऑफिसांत मुलाखती देऊन ये. कुरकुरत गेली. परत येऊन म्हणाली, “एका ठिकाणी पगार बरा होता. पण टेबलावर ड्रॉइंगचा जो गठ्ठा दिसला ना, तो बघूनच मला घरी जावंसं वाटलं.” हे उत्तर मी खरं मानलं.

आता आयटीची बाजू. कोडिंगचे महागडे कोर्स, त्यांच्या ‘नोकरीची हमी’च्या जाहिराती आणि त्यासाठी हप्त्यावर मिळणारं कर्ज, यांपासून मी लोकांना लांबच ठेवते. हमीच्या अटी वाचा, मग बोलू. ‘आयटी म्हणजे पक्की नोकरी’ हेही आता खरं राहिलेलं नाही. 2022-23 मधली नोकरकपात सगळ्यांनी बघितली, आणि शिकाऊ प्रोग्रामरची बरीचशी कामं आता यंत्रं करू लागली आहेत. पगाराचे आकडे ऐकून जाणाऱ्याला मी विचारते, एका चुकीच्या ओळीपायी 3 तास स्क्रीनवरच्या एकाच खिडकीकडे बघत बसाल का?

तिला हा प्रश्न तोंडी विचारला नाही. नोकरी न सोडता तीन महिने, आठवड्याला 6 तास, एवढंच ठरवलं: दुसरं कुणी रोज वापरेल अशी एक गोष्ट बनवायची. तिनं तो दार-खिडक्यांचा प्रकार नीट बांधून नाशिकच्या एका मैत्रिणीच्या ऑफिसला दिला. पंधरवड्यानं रात्री 11 ला त्या मैत्रिणीचा फोन: तुझं ते कोपऱ्यातल्या खिडक्या दोनदा मोजतंय. ही दीड वाजेपर्यंत बसली. मला सांगताना म्हणाली, “राग आला होता. पण चांगला राग.”

यानंतर निर्णय जवळजवळ झालाच होता. राहिले होते बाबा.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना पटवायला तिनं एक युक्तिवाद तयार केला होता. क्रिस्टोफर अलेक्झांडर नावाच्या आर्किटेक्टनं इमारतींमधल्या पुन्हापुन्हा दिसणाऱ्या रचनांबद्दल जे मांडलं, तेच 1980 च्या दशकाअखेरीस प्रोग्रामर मंडळींनी उचललं आणि सॉफ्टवेअरमधली ‘डिझाइन पॅटर्न’ ही कल्पना त्यातून आली. म्हणजे दोन्ही पेशे सख्खे चुलतच. मुद्दा बरोबर आहे. बाबांवर त्याचा शून्य परिणाम झाला.

ते एकदा पुण्यात आले तेव्हा दोघं मिळून माझ्याकडे आले. पायरीला ठेचकाळले नाहीत. खाली बघून नुसते “हं” म्हणाले. बसल्यावर बराच वेळ टोपीची घडी करत राहिले. मग म्हणाले, “बघा मॅडम, 33 वर्षं मी नकाशे काढले, मोजमापाच्या वह्या, म्हणजे एमबी, भरल्या. खाली सही साहेबाची. आमच्या घरात जिच्या सहीला किंमत आहे, अशी ही पहिली. गावाकडे दारावर पितळेची पाटी केलीय. माझ्या नावाखाली हिचं, पुढे ‘आर्कि.’ लावून. येणारा-जाणारा वाचतो.”

ती जमिनीकडे बघत होती. म्हणाली, “बाबा, मी सहा वर्षांत एकाही नकाशावर सही केलेली नाही.”

“म्हणजे?”

“ऑफिसात सही सरांचीच असते.”

त्यांना हे माहीतच नव्हतं. यात कुणी फसवलेलं नाही, बहुतेक ऑफिसांची रीतच तशी असते. पण मुलगी इतकी वर्षं आपल्यासारखीच दुसऱ्याच्या सहीवरती राबते आहे, हे त्या माणसाला माझ्या खोलीत कळलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. मग त्यांनी विचारलं, “मग ती पाटी काढायची का?”

हा प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही, म्हणून थोडं सांगते. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार ‘आर्किटेक्ट’ हे नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं की हा कायदा फक्त ते नाव लावण्याबद्दल आहे; नोंदणी नसलेल्यानं डिझाइनचं काम करायला त्यानं बंदी केलेली नाही. नोंदणीचं नूतनीकरण करत राहिलं की नाव कायम राहतं, नोकरी कुठलीही असो. शुल्क थकलं तर नाव निघतं, पण रीतसर परत घालताही येतं. (आयटीत ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ गल्लोगल्ली असतात आणि त्यांना कुणी नोंदणी विचारत नाही. हे मी बाबांना सांगितलं नाही.)

“पाटी राहू दे,” मी म्हटलं. “हिनं शुल्क भरलं की झालं.”

“मी भरतो,” ते म्हणाले. मुलीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांनी लगेच विषय बदलला.

पुढचं थोडक्यात. इमारतींचे नकाशे नियमावलीप्रमाणे आहेत की नाही ते तपासणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला काम मिळालं. साइड मार्जिनचे ते पाठ केलेले तक्ते तिथे उपयोगी पडले, म्हणजे ‘गेलं’ रकान्यातली एक ओळ खोडावी लागली. बाकीच्या तशाच आहेत. पगार सुरुवातीला 5 हजारांनी कमी. हाताशी सहा महिन्यांचा खर्च होता म्हणून ते जमलं. तेवढा नसता तर मी थांबायलाच सांगितलं असतं.

पहिले दोन महिने वाईट गेले. 23 वर्षांचा मुलगा तिला गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवायचं साधन, शिकवत होता आणि शब्दागणिक “मॅम” म्हणत होता. शनिवारी सकाळी लवकर जाग यायची आणि साईट नाही हे आठवायचं. बावधनच्या त्या 14 मजली इमारतीवरून जावं लागू नये म्हणून ती लांबचा रस्ता घ्यायची. ऑफिसातल्या टीकेचं मात्र तिला काही वाटलं नाही. “कॉलेजच्या ज्युरीत परीक्षकांनी मॉडेल फाडलेलं बघितलंय मी,” ती म्हणाली, “कोड रिव्ह्यू म्हणजे पाहुणचार वाटतो.”

गेल्या महिन्यात ती सहज भेटायला आली. पिशवीतून नकाशाची घडी काढली. गावच्या घरावर माडी चढवायची आहे, एक खोली आणि बाहेरून जिना. नव्या ऑफिसला विचारून, सुट्टीच्या दिवशी काढलेला नकाशा. उजव्या कोपऱ्यात बाबांची मालक म्हणून सही, तिच्या शेजारी नोंदणी क्रमांक आणि तिची सही. रेघ जरा थरथरलेली.

“नगरपालिकेत दिला का?” मी विचारलं.

“दिला. परत आला,” ती म्हणाली. “जिना मार्जिनमध्ये येतोय म्हणे. आणि बरोबर आहे त्यांचं. माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघायचा राहिला होता.”