जुन्या लॅपटॉपवर ओरिजिनल विंडोज परत टाकता येईल का?

प्रश्न : नमस्कार सर, मुलीच्या कॉलेजसाठी २०१७ चा सेकंडहँड लॅपटॉप घेतला, खाली विंडोज १० होमचा स्टिकर आहे पण त्यावर नंबर नाही, आणि विकणाऱ्याने प्रो (विंडोजची दुसरी आवृत्ती) टाकून दिलंय, कोपऱ्यात सारखं ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ येतं. नवीन की (विंडोज ॲक्टिव्हेट करायचा नंबर) घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही ताई, पैसे अजिबात घालवू नका. विंडोज ७ पर्यंत की स्टिकरवर छापलेली असायची, विंडोज ८ पासून कंपन्या ती मदरबोर्डच्या चिपमध्येच टाकून देतात, म्हणून हार्डडिस्क बदलली तरी ती जात नाही. आधी मुलीच्या फाईली दुसरीकडे कॉपी करा, मग मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर विंडोज १० बनवा, त्यावरून बूट करा (म्हणजे लॅपटॉप पेनड्राईव्हवरून सुरू करा) आणि जुनी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) डिलीट करून इन्स्टॉल करा, बहुतेक वेळा सेटअप की न विचारता होमच टाकतो, विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ दाबून होम निवडा, प्रो नको, चिपमधली की होमची आहे, नाहीतर परत तेच रडगाणं. नेट जोडलं की ॲक्टिव्हेट होतं. वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र आधीच दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवा, तो नसला तर नेट जोडता येत नाही आणि सगळे तिथेच अडकतात. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार शक्यतो टाळा.